सागाची फोड, तिसरा हंगाम: आठ खांब तयार, तुळया बाकी

गेल्या रविवारी आठवा खांब चौरस झाला. तीन खणांच्या (दोन खांबांमधली एक जागा म्हणजे एक खण) घराला लागणारे सगळे खांब आता मुरबाडच्या जागेवर पत्र्याखाली निजलेत. खूप आनंद झाला, तो आधी सांगतो आणि मग कामाचं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये नोकरी झाली, आता वय ६३. वडिलांनी मुरबाड तालुक्यातल्या आमच्या शेताच्या बांधावर १९८८ साली साग लावले होते. त्यातले चौदा तोडून, तिथेच फोडून, त्याच जमिनीवर लाकडी सांगाड्याचं कौलारू घर उभं करायचं आहे. साग स्वतःच्या मालकीचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि लाकूड जागेवरून हलवायचं तर वाहतूक पासही. परवाना हातात आल्याशिवाय कुऱ्हाडीला हात लावू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

आता आठव्या खांबाची हकिकत. ओंडका सरळ, गाठी कमी, बारक्या टोकाशी सालीखाली घेर ३१ इंच. सहा बाय सहाच्या चौरसाचा कर्ण साडेआठ इंच येतो, म्हणजे बारक्या टोकाला सालीखाली निदान २७ इंच घेर हवा. इथे हात सैल ठेवायला जागा होती. नेहमीप्रमाणे वर अॅल्युमिनियमची शिडी ठोकली, तिच्यावरून चेनसॉ मिल (ओंडका लांबीत सरळ कापण्यासाठी चेनसॉला बसवायची चौकट) सरकवत पहिली पाठ, म्हणजे ओंडक्याची बाहेरची गोलसर बाजू, काढली. दुसऱ्या बाजूच्या कापाला चार फुटांवर आवाज बदलला. भुसा लांब तंतूंऐवजी पिठासारखा पडायला लागला. मशीन बंद केली, पाचर मारून फट उघडली, तर आत काळं-निळं वर्तुळ आणि मधोमध काटेरी तारेची कडी. वडिलांनीच कधीतरी कुंपणाची तार या झाडाला बांधली असणार, झाडाने ती गिळली. सागात लोखंड असलं की भोवती असा काळा डाग धरतो. ओंडक्याच्या टोकाला बारीक निळसर रेघ दिसत होती, ती मी पाहिली होती आणि सोडून दिली होती. पुन्हा सोडणार नाही. बांधावरचं झाड असेल तर जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत मेटल डिटेक्टर फिरवायचाच.

साखळीचे अकरा दात गेले. तसंही सागात सिलिका असते, धार लवकर बोथटते. मी दर कापानंतर दोन मिनिटं कानस फिरवतो. उभ्या, म्हणजे लाकडाच्या लांबीतल्या, कापासाठी दाताचा कोन दहा अंशांच्या आसपास ठेवतो; आडव्या कापाची तीस अंशांची साखळी उभ्या कापात फळीवर लाटा उठवते. आणखी एक हिशेब डोक्यात ठेवा: चेनसॉच्या एका कापात जवळजवळ तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड भुशात जातं. म्हणून पातळ फळ्या मी मिलवर काढत नाही. खांब, तुळया आणि जाड पाट्या, इतकंच.

वाळवण्यावर मात्र मी वर्षभर विचार करतोय. इंचाला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने सहा इंची खांबाला सहा वर्षं. मला ६९ व्या वर्षी शिडीवर चढून आढं बसवायचं नाही. म्हणून ठरवलं, सांगाडा ओल्या लाकडात घडवायचा आणि तो घरात उभा असताना वाळू द्यायचा. साग आकसतो कमी, हा मोठा आधार आहे. गाभ्याचं केंद्र खांबाच्या बरोबर मधोमध येईल अशा बेताने चारही पाठी काढल्या, म्हणजे आकसला तरी चारही बाजूंनी सारखा आकसेल. चिरा पडतील, पण पीळ बसण्याची भीती कमी. पहिल्या हंगामातला एक खांब गाभा बाजूला ठेवून काढला होता, तो मे महिन्यात केळीसारखा वाकला. त्याचे आता वासे होतील. दारं-खिडक्यांच्या पाट्या मात्र खरोखर वाळवायच्या आहेत. त्या जमिनीपासून फूटभर वर, प्रत्येक थरामधे इंची पट्ट्या एकावर एक ओळंब्यात, टोकांना उरलेला ऑइलपेंट, वर पत्रा, बाजू उघड्या. मे अखेरीस लाकडातला ओलावा मीटरवर १२ टक्के होता, ऑगस्टमध्ये १७ दाखवत होता. पावसाळ्यातलं माप बघून घाबरू नका.

सांधे कसे करायचे हे मला ठाण्यातल्या खारकर आळीने शिकवलं. आमचं तिथलं कौलारू घर पुनर्विकासात गेलं, तेव्हा चार दिवस मी वही आणि टेप घेऊन मजुरांच्या मागे फिरलो. तुळईच्या टोकाचा एक दोन फुटी तुकडा मागून घेतला, तो अजून बाल्कनीत आहे. कुसू (खांबाच्या खाचेत शिरणारी तुळईची जीभ) दीड इंच जाड, खांदे (कुसवाच्या बाजूंचा, खांबाला टेकणारा भाग) दोन्ही बाजूंना सव्वादोन इंच, आणि आरपार लाकडी खुंटी. खुंटी मी खालून ठोकून काढली तर ती सरळ नव्हती, मधे हलकी वाकलेली होती. कुसवातलं भोक खांबातल्या भोकापेक्षा सूतभर खांद्याकडे पाडलेलं! वाळलेली खुंटी ठोकली की ती वाकत वाकत तुळईचा खांदा खांबाला खेचून घेते आणि लाकूड आकसलं तरी सांधा सैल पडत नाही. एक खिळा नाही त्यात. त्या मापाने मी बाल्कनीत पाच नमुने केले, मोगरी आणि दीड इंची पटाशीने, दुपारी चारनंतर, शेजारच्या आजी उठल्यावर. पहिल्या दोनांत खुंटी फुटली, कारण सूताऐवजी दोन सूत सरकवलं होतं. टोक निमुळतं केल्यावर पुढचे तीन घट्ट बसले.

वाडीवरचे सुतारकाका खांब बघायला आले होते. हात फिरवत फिरवत प्रत्येकाच्या टोकाशी वाकून वलयं बघत गेले. सहाव्यापाशी थांबले. "भाऊ, हा उलटा ठेवलायस. बुंधा खाली, शेंडा वर. झाड जसं उभं होतं तसंच घरात उभं करायचं." मी म्हटलं, "काका, चौरस झाल्यावर ओळखू कसं?" त्यांनी गाठीवर बोट ठेवलं. फांदी वर तिरपी जाते, तशीच गाठ आतून वर कललेली असते. मग दोघांनी बसून आठही खांबांच्या बुंध्याकडच्या टोकांवर गेरूने फुल्या मारल्या.

संक्रांतीनंतर तुळयांचे सहा ओंडके घेतो. पाच बाय आठ, खणाला नऊ फूट. शिडी यासाठी बारा फुटी आणली आहे.