खंजिरीवरचं भांडण

नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या केंद्रात मी म्युझिक थेरपी देते, तिथे मे महिन्यात एक काका यायला लागले. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेला, वाचा गेलेली. समोरच्याचं सगळं कळायचं. तोंडून 'हो' आणि 'अरे' एवढंच निघायचं. आयुष्यभर गावच्या मंडळात खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं गायलेला माणूस!

अशा बऱ्याच रुग्णांना गाताना शब्द सापडतात, हे खरं. सुरालयीवर बोलणं शिकवायची पद्धत १९७३ पासून रूढ आहे. पण काकांना भजन नको असायचं. पहिल्याच ओळीत शब्द अडकला की मान फिरवायचे. पाठ असलेल्या गाण्यात आपलं काय गेलं ते लख्ख दिसतं.

म्हणून त्या दिवशी गाणंच बाजूला ठेवलं. खंजिरीच्या झांजा नीट ऐकू याव्यात म्हणून कूलर बंद केला. खंजिरी काकूंनी धरायची, काकांनी डाव्या हाताने वाजवायची, मी हार्मोनियमवर. ताल ठरलेला नाही, चालही नाही. पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये मुलांबरोबर असंच काम सुरू केलं: मूल जे करेल त्याला तिथल्या तिथे सुरांतून साथ.

काकांनी एक थाप मारली, मी एक सूर दिला. दोन थापा, दोन सूर. मग ते सुटलेच. काकूंचं मनगट मागे जाईल इतक्या जोरात. मी त्यांना शांत करायला गेले नाही. खर्जात, भाता ओढत, त्यांच्या बरोबरीने गेले. संताप आधी कुणीतरी ऐकायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

अचानक ते थांबले. मीही थांबले. माझ्याकडे बघत त्यांनी एक बोट झांजेला नुसतं लावलं. मी हलकेच वरचा सा दिला. पुढच्या वेळी बोट हवेतच धरून ठेवलं, मी आधी वाजवते का ते बघत. मी वाजवलं नाही. काका हसले. पहिली थाप नुसता आवाज होती; तिला जबाब मिळत गेला, म्हणून ती थट्टेपर्यंत पोचली.

"घरी असेच भांडत जी हे! पहिले जोरात, मग गंमत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खंजिरी झटकन बाजूला घेतली. थाप हवेत गेली.

"अरे!" काका म्हणाले. शब्द रोजचाच, पण त्यात अस्सल नवऱ्याची तक्रार होती.

स्पीच थेरपिस्टना मी लगेच फोन केला. दुसऱ्या दिवशीचा काकांचा सराव त्याच 'अरे'पासून सुरू झाला: हाक मारायचा, रागाचा, लाडाचा.