भोंगा दर्यात ऐकू येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. राजापूर तालुक्यात विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे इथल्या नियोजित जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: "सर, अणुभट्टीच्या सुरक्षिततेतलं सामान्य माणसाला काय कळतं? ते तज्ज्ञांवर सोडावं की."

बरंचसं कळत नाही, हे आधी कबूल करतो. भट्टीच्या पात्राच्या पोलादाची जाडी किती असावी, यावर गावात हात वर करून मतदान घ्यावं असं मी कधीच म्हटलेलं नाही. आमच्याकडच्या सभांत आंबे अंधारात चमकतील असं सांगणारेही निघाले, त्यांच्याशी मी भांडलो आहे.

पण २०१०ची गोष्ट ऐका. १६ मे रोजी प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन गावात जनसुनावणी व्हायची होती. पर्यावरण अहवालाची मराठी प्रत वेळेवर मिळाली नाही, ही तक्रार तेव्हा सगळीकडे होती. माझ्या हाती आली तेवढी पानं मी संध्याकाळी पडवीत बसून मोठ्यानं वाचायचो. एकदा साखरी नाट्याहून आलेला एक मच्छीमार शेवटपर्यंत गप्प बसला. उठताना म्हणाला, "सर, भोंगा वाजला तर आमाला दर्यात आयकू येल काय?"

मी वही काढून प्रश्न लिहून घेतला. अपघात झाला तर काय करायचं, याचा आराखडा प्रकल्पाभोवती सोळा किलोमीटरच्या पट्ट्यासाठी करायचा असतो, आणि पट्टा किनाऱ्याशी थांबत नाही. रात्री जाळी टाकून बसलेली माणसं त्यात येतात. त्यांना कोण कळवणार, हे रिअ‍ॅक्टरच्या गणितात नाही. त्याला समुद्रावर झोपणारा माणूसच लागतो.

गंमत म्हणजे हा प्रश्न विचारायला तशी जागाच नव्हती. जनसुनावणी पर्यावरणाची. किरणोत्सर्गाची सुरक्षितता तपासतं अणुऊर्जा नियामक मंडळ. तेही मुंबईत, अणुशक्तीनगरात, समित्यांच्या बैठकांत. तिथे गावकऱ्याला खुर्ची नाही. म्हणजे जिथे बोलता येतं तिथे सुरक्षिततेचा निकाल लागत नाही, आणि जिथे लागतो तिथे बोलता येत नाही. २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली.

आपल्याकडे येणार होती तीच ईपीआर नावाची फ्रेंच अणुभट्टी तेव्हा ब्रिटनमध्येही तपासली जात होती. तिथे गोपनीय भाग वगळून आराखड्याची कागदपत्रं लोकांसाठी खुली होती. कुणीही शेरा पाठवावा, कंपनीनं उत्तर द्यावं आणि नियामकांनी दोन्ही वाचावं, अशी पद्धत. नोव्हेंबर २००९मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि फिनलंडच्या नियामकांनी एकत्र निवेदन काढून जाहीर सांगितलं, की रोजचा कारभार चालवणारी यंत्रणा आणि ती बिघडल्यावर भट्टी सांभाळणारी यंत्रणा एकमेकींत फार गुंतल्या आहेत, आराखडा सुधारा. मुलांना मी असं सांगायचो: लाइट गेली म्हणून इन्व्हर्टर लावायचा, आणि त्याचं बटण मात्र गेलेल्या लाइटवरच चालायचं! माडबनच्या सुनावणीच्या सहा महिने आधीचं हे निवेदन. तज्ज्ञांनी तज्ज्ञांची चूक उघड्यावर काढली, म्हणून त्यांच्यावरचा माझा विश्वास उडाला नाही, उलट वाढला.

फिनलंडमध्ये तर ज्या गावच्या हद्दीत प्रकल्प यायचा, त्या नगरपालिकेनं नाही म्हटलं की सरकारला पुढे जाता येत नाही. आपल्याकडे तेवढं उद्या होईल, असं समजण्याइतका मी भोळा नाही. मला हवं आहे ते साधं: सुरक्षिततेच्या कागदांचा मराठी सारांश, वेळेवर, आणि प्रत्येक प्रश्नाला सहीनिशी लेखी उत्तर. "समिती समाधानी आहे" हे उत्तर नव्हे. वर्गात कुणी एवढंच लिहिलं असतं तर मी शून्य मार्क दिले असते.

मार्च २०११मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात त्सुनामीच्या लाटेचं पाणी शिरून तळघरातले डिझेल जनरेटर बंद पडले, तेव्हा तो मच्छीमार पुन्हा आला होता. या खेपेला त्याला लाटेबद्दल विचारायचं होतं.

जैतापूरला अजून एकही भट्टी उभी नाही, म्हणजे उत्तरं द्यायला वेळ भरपूर आहे. भोंग्याचं तर अवघडही नाही. बोटींवर आता वायरलेस असतात. रात्री दोन वाजता त्यांवर संदेश कुणी द्यायचा, कोणत्या भाषेत द्यायचा आणि बोटी परत जैतापूरच्या खाडीत न आणता कोणत्या बंदराला लावायच्या, एवढं जिल्ह्याच्या आराखड्यात लिहायचं आहे.