भुरीचा कान : दिवस 47

माझ्या सशाचं, भुरीचं, आज सकाळचं वजन 1 किलो 560 ग्रॅम. तीन दिवसांत 10 ग्रॅम वाढ. रात्रभरात ट्रेमध्ये पडलेल्या लेंड्या गोल, कोरड्या, हरभऱ्याएवढ्या. मागून पाहिलं तर मान अकरा वाजल्यासारखी. पहिल्या दिवशी ती पूर्ण नऊला होती.

मानेचा कल मी घड्याळाच्या काट्यावरून लिहिते, बारा म्हणजे सरळ, कारण "जरा बरी", "थोडी कमी" असं लिहून आठवड्यानंतर काहीच उलगडत नाही. ज्यांच्या घरी मान वाकडी झालेला ससा आहे त्यांना मात्र आधीच सांगते, घड्याळाकडे शेवटी बघा. आधी वजनकाटा आणि लेंड्यांचा ट्रे. माझे पहिले दोन आठवडे मानेकडे बघण्यात गेले, आणि त्या काळात भुरी 1 किलो 620 वरून 1 किलो 440 वर आली. दीड किलोच्या जिवाला 180 ग्रॅम म्हणजे फार झाले.

सुरुवात जुलैच्या पावसात झाली. भुरी लोंबत्या कानांची आहे, अडीच वर्षांची. मागच्या पायाने डावा कान खाजवायची, डोकं झटकायची. कान उचलून वास घेतला तर आंबूस. मला वाटलं मळ असेल, म्हणून ओल्या कापसाने वरवर पुसत राहिले आणि चार दिवस तिथेच घालवले. पाचव्या दिवशी पहाटे धडपड ऐकू आली. पिंजऱ्यात ती एका कुशीवर पडून गडाबडा लोळत होती आणि बुबुळं आडवी थरथरत होती. मला वाटलं ती गेलीच. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की हे दृश्य म्हणजे शेवट नव्हे. तोल सांभाळणारा भाग आतल्या कानात असतो. तिथे जंतू पोचले की सशाला जमीनच फिरते आहे असं वाटतं, आणि तो सावरायला जातो म्हणून लोळतो.

जवळच्या दवाखान्यात तोंडावाटे द्यायचं अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. ते मी घेतलं नाही. पेनिसिलिनच्या कुळातलं औषध सशाच्या पोटात गेलं की मोठ्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, घातक जीवाणू माजतात आणि काही दिवसांत जुलाब होऊन ससा दगावू शकतो. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांचंही तेच. पेनिसिलिन कातडीखाली टोचून देतात ती वेगळी गोष्ट. ही माहिती आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ असायला हवी, कारण कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे ससे क्वचितच येतात. स्टेरॉइड असलेले कानाचे थेंबही विचारल्याशिवाय घालू नका. सशाची प्रतिकारशक्ती त्याने चटकन खचते.

त्याच दुपारी ससे बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. दुर्बिणीने कानात पाहिल्यावर त्यांनी मलाही पाहायला लावलं. आत पांढरा, खव्यासारखा घट्ट पू. सशाचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही, कारण तो वितळवणारं रसायन त्याच्या पांढऱ्या पेशींमध्ये फारसं नसतं. त्यामुळे गळू फुटून मोकळं होण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो आणि नुसतं औषधही आतपर्यंत नीट पोचत नाही. त्यात लोंबत्या कानाची नळी बुडाशी दुमडलेली आणि अरुंद, त्यामुळे मळ आतच राहतो. 2019 साली इंग्लंडमधल्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी 15 लोंबत्या आणि 15 उभ्या कानांचे ससे तपासले, तेव्हा कानाचे आणि दातांचेही त्रास लोंबत्या कानांच्या सशांत जास्त आढळले. भुरी घरी आणताना मला तिचे कानच सगळ्यांत जास्त आवडले होते. आजही आवडतात. पण आता दर रविवारी दोन्ही कान उचलून वास घेते, आणि हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

एक्स-रेमध्ये मधल्या कानाची हाडाची कुपी डाव्या बाजूला पांढुरकी दिसली, म्हणजे आत पू भरलेला. हलकी गुंगी देऊन कोमट सलाईनने कान धुतला आणि पुवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. गुंगी द्यायच्या आधी सशाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं. सशाला उलटी होतच नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबायची भीती. नमुन्यात पाश्चुरेला निघाला, सशांच्या नाका-कानात नेहमी सापडणारा जंतू. मग एन्रोफ्लॉक्सासिन हे जंतू मारणारं औषध दिवसातून दोनदा, दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, आणि मान वाकडी होण्याचं दुसरं कारण असलेला परजीवी नाकारता येत नव्हता म्हणून फेनबेंडाझोल 28 दिवस. मात्रा इथे मुद्दाम देत नाही. ती वजनावर ठरते आणि भुरीचंच वजन महिनाभरात तीनदा बदललं.

आता खऱ्या कामाबद्दल, म्हणजे घरातल्या.

पहिले दहा दिवस पिंजरा बंद ठेवून तिला जमिनीवर सतरंजीच्या कोपऱ्यात ठेवलं. दोन्ही बाजूंना जुन्या चादरींच्या घट्ट वळकट्या लावल्या, म्हणजे लोळली तरी लगेच टेकू मिळायचा. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, आणि तिचं अंग माझ्या अंगाला टेकलेलं. अधांतरी धरलं की लगेच लोळायला लागायची. पाण्याची बाटली काढून उथळ ताटली ठेवली. डाव्या बाजूची पापणी मिटत नव्हती, कारण चेहऱ्याची नस त्याच कानाजवळून जाते. म्हणून दिवसातून चार वेळा डोळ्यात वंगण मलम. पापणी 19व्या दिवसापासून मिटते आहे.

ती स्वतःहून खाईना. पेलेट, म्हणजे सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, मिक्सरमधून पीठ करून कोमट पाण्यात भिजवायचे, गाळणीतून काढायचे आणि सिरिंजने भरवायचे. दिवसाला 75 मिली, पाच वेळा 15-15. दुपट्यात बाळासारखं गुंडाळायचं, तोंडाच्या कडेने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून एकेक मिली. तिने चावून गिळल्याशिवाय पुढचा नाही. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. रात्री दोनचा घास भरवायचं काम आईने अंगावर घेतलं. पहिल्या आठवड्यात ती रोज विचारायची, "मान सरळ कधी होणार गं?" तिसऱ्या आठवड्यात विचारायला लागली, "आज किती लेंड्या?" तेव्हा मला धीर आला, की घरात आणखी कुणीतरी बरोबर जागी बघतंय.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. ससा रोज मऊ, घोसासारख्या, चमकदार लेंड्या टाकतो आणि त्या थेट तोंडाने उचलून खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. मान वाकडी असली की तोंड तिथवर पोचत नाही. आठव्या दिवशी भुरीच्या मागच्या केसांत त्या चिकटून लगदा झालेला दिसला. पावसाळ्यात तिथे माशी बसली तर अळ्या पडतात. तेव्हापासून रोज पहाटे त्या उचलून ताटलीत तिच्या तोंडापुढे ठेवते, आणि ती त्या मागून घेतल्यासारख्या खाते. मागचा भाग फक्त ओल्या कापडाने पुसून कोरडा करायचा. अंघोळ नाही.

22व्या दिवशी तिने स्वतः चाऱ्याचा पहिला घास घेतला, आणि तो दूर्वांचा. टिमोथी गवत, म्हणजे सशांचा नेहमीचा सुका चारा, पुढ्यात होतं, पण कलत्या मानेने लांब काड्या ओढता येत नव्हत्या. कोवळी हरळी जुडी करून हातात धरली तर कुरतडायला लागली. गणपती जवळ आले की मंडईत दूर्वा मुबलक, पण रस्त्याकडेच्या गवतावर काय फवारलंय कळत नाही, म्हणून मी गच्चीवरच्या कुंडीतलीच देते, धुऊन, निथळून. सोबत कोथिंबीर आणि थोडी मेथी. लसूणघास देत नाही. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं.

30व्या दिवशी ती इतकी टवटवीत दिसत होती की औषध थांबवावं असं मनात आलं. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. कुपीतला घट्ट पू औषध थांबलं की पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून सहा ते आठ आठवडे धरूनच चालायचं. एन्रोफ्लॉक्सासिन कडू असतं. ते केळ्याच्या कुस्करात घोळून दिलं की विनातक्रार जातं. केळं मात्र नखाएवढंच.

आज संध्याकाळी तिने डावा कान दोन्ही पंजांत धरून खाली ओढला आणि चाटला. इतके दिवस त्याला हात लावू देत नव्हती. उजवा कान ती रोजच चाटायची.

मान पूर्ण बाराला येईल का, हे डॉक्टरही आत्ता सांगत नाहीत. थोडा कल राहिला तरी ससे त्याला सरावतात आणि नीट धावतात. 56व्या दिवशी पुन्हा एक्स-रे. कुपी अजून पांढरी दिसली तर सीटी स्कॅन, आणि त्यात पू दिसला तर शस्त्रक्रियेचा विचार. तोवर रोज सकाळी सातला वजनकाटा, संध्याकाळी ट्रे. तुमच्यापैकी कुणाच्या सशाची कानाच्या कुपीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर नंतर त्याने स्वतः खायला किती दिवस घेतले ते मला नक्की कळवा.