तंबाखू कशी सुटली म्हणता?

"कंडक्टर, सव्वीस वर्षांची तंबाखू एका दिवसात कशी काय सोडली हो तुम्ही?" महिन्यातून एकदा तरी स्टँडवर मला कुणीतरी हे विचारतं. बहुतेकदा विचारणाऱ्याच्या ओठाखाली बार असतोच, त्यामुळे प्रश्न जरा बोबडाच येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एका दिवसात वगैरे सुटली नाही. आणि माझं मन काही खंबीर नाही. डबा उघडला की भाकरीआधी लोणचं संपवणारा मी.

२०१९च्या जानेवारीत दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दाढ ठेवली बाजूला, खालचा ओठ उलटा केला आणि आरसा हातात दिला. जिथे बार धरायचो तिथेच पांढरा चट्टा. तुकडा तपासायला गेला. आठ दिवस मी आणि बायको एकमेकांशी फक्त भाजीबद्दल बोललो. कॅन्सर निघाला नाही, पण चट्टा त्याच वाटेवरचा असू शकतो, तंबाखू थांबवली तर पुष्कळदा तो मागेही फिरतो, असं बाईंनी सांगितलं. पुडी गटारात टाकली ती तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर.

तिसऱ्या दिवशी सुट्ट्या पैशांवरून एका म्हातारीवर एवढा खेकसलो की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. "दादा, खाली उतरा, तोंड धुऊन या," म्हणाला. नंतर कळलं, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांनाच जड जातात. हे आधी माहीत असतं तर म्हातारीच्या शिव्या वाचल्या असत्या. पुडीवर फुकट सल्ल्याचा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. पण पुडीवरचं ते चित्र नको म्हणून मी पुडी कायम उलटी धरायचो, नंबर दिसणार कुठून? शेवटी टपरीवर दुसऱ्याची पुडी मागून उतरवून घेतला. पलीकडच्या बाईंनी एकच काम लावलं: तलफ आली की वेळ आणि ठिकाण लिहायचं, आणि दहा मिनिटं थांबायचं.

माझी ड्यूटी फलटण–स्वारगेट. खिशातल्या डायरीत लिहीत गेलो. फलटण स्टँड. लोणंद. नीरा. जेजुरीचा चहा. सासवड. हडपसरचा सिग्नल. स्वारगेटला कंट्रोलरची खिडकी. आठवड्याने पान उघडलं तर ते माझ्या गाडीच्या थांब्यांची यादीच होतं! लोणंद सोडल्यावर उभ्या गर्दीतून तिकिटं काढताना तलफ एकदाही नव्हती. गाडी थांबली आणि हात रिकामा झाला, की अंगठा तळहात शोधायचा. आणि सासवड सोडताना आलेली तलफ दिवे घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत मावळलेली असायची. मी घड्याळ लावून पाहिलंय.

लवंग, ओवा, बडीशेप सगळं करून पाहिलं. तोंड गप्प बसायचं, हात नाही. त्यात तंबाखू काय एकट्याने खायची चीज आहे? "जरा चुना द्या" म्हटलं की अनोळखी माणूस शेजारी टेकतो, बदलीपासून पोरीच्या लग्नापर्यंत सगळं बोलून जातो. लवंग घेऊन कोण टेकणार? सुटली ती शेंगांवर. भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा. फोडायला अंगठा लागतो, आणि मूठभर पुढेही करता येतात. फक्त युनिफॉर्मच्या खिशातली टरफलं बघून बायको अजून ओरडते.

मधे एकदा घसरलो, तेही वारीत. माउलींची पालखी फलटणला येते ती आमच्याच रस्त्याने, दिवे घाट चढून. गाडीला तीन-चार तासांची वाट, पालखीला आठवडा पुरत नाही. त्या आषाढात गाडी दीड तास जागची हलली नाही, शेंगा संपल्या, आणि शेजारच्या दिंडीतल्या एका माळकऱ्याने प्रेमाने चंची पुढे केली. खाल्ली. चक्कर आली ती वेगळी. लोक सांगतात, गळ्यात माळ घाला, आपोआप सुटतं. सुटत असेल. मला तर तिथेच मिळाली. दुसऱ्या दिवशी नव्या पानावर लिहिलं, "रस्ता बंद. शेंगा जास्त घेणे."

पुढे लॉकडाऊन आला, मग २०२१चा संप. पाच महिन्यांहून जास्त डेपोच्या दारात बसून, पगार नाही, हाताला काम नाही. कितीतरी जणांची सोडलेली तंबाखू तेव्हा परत सुरू झाली, त्यांना मी नावं ठेवणार नाही. मला एवढंच माहीत होतं की रिकामं बसणं म्हणजे माझ्यासाठी लोणंद स्टँड. भावाच्या रानातली शेंगांची पोतीच मांडवात आणून टाकली. बोलणारे बोलत, फोडणारे फोडत. बियाण्याला लागतील तेवढे दाणे तिथेच निघाले.

चट्टा गेला. बाई दर सहा महिन्यांनी ओठ उलटा करून बघतात.

परवा जेजुरीला नव्या ड्रायव्हरने हाच प्रश्न विचारला. एवढं सगळं सांगितलं. मन लावून ऐकलं पोराने, माझ्या मूठभर शेंगाही खाल्ल्या. मग टरफलं झटकली, खिशातून डबी काढली आणि म्हणाला, "चुना आहे का, दादा?"

मी डबल बेल दिली.