‘दिल्या’ नव्हे, ‘सरेंडर केल्या’

लेकीला या आठवड्यात इंग्रजीच्या गृहपाठात एक छोटा उतारा आलाय. एक म्हातारा राहतं घर विकतो आणि शेवटच्या वाक्यात नव्या मालकाच्या हातात किल्ल्या देतो. गोष्ट एवढीच. पण किल्ल्या ‘दिल्या’ असं न म्हणता लेखकाने ‘सरेंडर्ड’ म्हटलंय, आणि सगळा प्रश्न त्यावर आहे. हाच शब्द का? त्यातून म्हाताऱ्याबद्दल काय कळतं?

चौदा वर्षांच्या पोरीने लिहिलं होतं: सरेंडर हा लढाईतला शब्द आहे. म्हणजे घर सोडायचं नाही म्हणून हा बरेच दिवस झगडला असणार. शरण जाणारा माणूस खुशीने जात नाही, त्यामुळे पैसे कितीही चांगले मिळाले असले तरी त्याच्या लेखी हा पराभव आहे. आणि समोरचा माणूस नुसता गिऱ्हाईक राहत नाही, जिंकणारा होतो. उताऱ्यात ‘त्याला वाईट वाटलं’ असं कुठेही म्हटलेलं नाही. मी गॅस बंद करून ते उत्तर पुन्हा वाचलं.

इथे इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसईची परीक्षा असते. एक्यूए बोर्डाच्या इंग्रजी भाषेच्या पहिल्या पेपरात लेखकाच्या शब्दयोजनेवर 8 गुणांचा स्वतंत्र प्रश्न असतो. त्याला ठरलेलं एक उत्तर नसतं. तपासणाऱ्यापुढे पायऱ्या असतात: ढोबळ समज, थोडीफार समज, स्पष्ट समज, आणि सगळ्यात वर ‘परसेप्टिव्ह’, म्हणजे बारकाईने हेरणारी. ‘इथे रूपक आहे’ एवढंच लिहिणारा खालच्या पायरीवर राहतो. त्या रूपकाने काय साधलं हे सांगावं लागतं. शब्दाच्या निवडीने अर्थात काय भर पडते, हे तर प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या वाचन परीक्षेतही विचारतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना! मला या गोष्टीचं मनापासून कौतुक वाटतं.

आमच्या वेळी ‘कवीला या ओळीतून काय म्हणायचे आहे?’ हा प्रश्न होता, आणि कवीला काय म्हणायचे आहे ते गाईडमध्ये छापलेलं होतं. आमच्या बाई वाईट नव्हत्या. साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात प्रत्येकाला ‘तुला काय वाटलं?’ विचारायला तास पुरला नसता. आता दहावीला कवितेच्या रसग्रहणात भाषिक वैशिष्ट्यं लिहावी लागतात, ही चांगलीच गोष्ट आहे. भाचीने मात्र तीसुद्धा पाठ केली होती.

याचा त्रास जास्त होतो, कारण हे शास्त्र मूळचं आपलं आहे. संस्कृत घेऊन बीए केलं तेव्हा कुंतकाचं ‘वक्रोक्तिजीवित’ अभ्यासाला होतं. कुंतक दहाव्या-अकराव्या शतकातला, काश्मीरचा काव्यशास्त्रकार. एकाच अर्थाच्या अनेक शब्दांतून कवी नेमका एक उचलतो, त्यातल्या सौंदर्याला त्याने ‘पर्यायवक्रता’ असं नावच दिलं. त्याचं गाजलेलं उदाहरण कालिदासाच्या कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गातलं. शंकरासाठी तप करणाऱ्या पार्वतीला परावृत्त करायला बटूच्या वेषात स्वतः शंकरच येतो आणि म्हणतो, त्या कपालीच्या समागमाची इच्छा धरल्यामुळे दोघी शोचनीय झाल्या, एक चंद्रकला आणि दुसरी तू. शंकराला नावं काय कमी आहेत? ‘पिनाकिनः’सुद्धा त्या वृत्तात चपखल बसतं. पण पिनाकी म्हटलं की धनुर्धारी वीर उभा राहतो, आणि कपाली म्हटलं की हातात कवटी घेतलेला. बटूला पार्वतीच्या मनात किळस उत्पन्न करायची आहे, म्हणून कपाली. लेकीच्या गृहपाठात जे चाललंय तेच हे, हजार वर्षांपूर्वीचं. मी तिला श्लोक म्हणून दाखवला आणि दोन्ही शब्द आलटून पालटून घालायला लावले. फरक तिने लगेच ओळखला.

म्हणूनच गेल्या पालकसभेतलं एक वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. घरात दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना ‘इन्फरन्स’, म्हणजे थेट न सांगितलेलं ताडणं, जरा जड जातं, असं एक शिक्षिका म्हणाल्या. गोड आवाजात म्हणाल्या, मदत करायच्या हेतूनेच म्हणाल्या, पण मला ते मान्य नाही. अनोळखी इंग्रजी शब्द अडतो, हे कबूल. पण न बोललेलं ओळखणं? ‘बघू’ म्हणजे नाही, आणि आजोबांचं ‘करा तुम्हाला हवं ते’ म्हणजे करू नका, हे मराठी घरातल्या मुलाला शाळेत जायच्या आधी कळतं. पाहुणा ‘चहा नको’ म्हणाला की तो खरंच नको आहे की आग्रहाची वाट बघतोय, हे आमच्या घरी सहा वर्षांचं पोरगं सांगेल. ही मुलं दोन भाषांमध्ये आडून बोललेलं पकडतात. त्यांच्याकडे जास्तच आहे, कमी नाही.

आणि पुरावाच हवा असेल तर परवाचा घ्या. रविवारी आईशी व्हिडिओ कॉल झाला. फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, “आई, आजी आज ‘इकडे कधी येणार’ म्हणाली. नेहमी ‘घरी कधी येणार’ म्हणते.”

मी म्हटलं, अगं, बोलण्याच्या ओघात गेलं असेल. एका शब्दावर एवढं चढवू नये. ती म्हणाली, “दोनदा म्हणाली. आणि तुमच्याकडे थंडी कशी आहे असं विचारलं. ‘तुमच्याकडे’.”

मग आजीकडे जाणं का जमत नाही, ते सगळं मी तिला सांगत बसले. शाळा चालू असताना मुलांना सुट्टीसाठी नेलं तर 2024 पासून दर मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंडांपासून दंड सुरू होतो. ऑक्टोबरची सुट्टी बहुतेक आठवड्याचीच, त्यात दिवाळी पडेलच असं नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये चौघांची तिकिटं काढायची म्हणजे वर्षाची शिल्लक जाते. यातलं एकही कारण खोटं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे आजीला माहितेय का?”

रात्री मी आईला पुन्हा फोन लावला.