व्यवसाय : काही नाही

मंगळवार, रात्र

आक्कांना काचबिंदू निघालाय. कुठे किती दिसतं ते तपासणाऱ्या चाचणीच्या रिपोर्टवर, डाव्या डोळ्याच्या नकाशात नाकाकडच्या बाजूला, वर, राखाडी पट्टा आहे, म्हणजे तिथे नीट दिसत नाही. थेंब सुरू झालेत, त्याचं पुढे बघू. पण "मला तर सगळं स्वच्छ दिसतं गं" हे काही डोक्यातून जात नाही. खोटं बोलत नव्हत्या.

काळा डाग दिसला असता तर कुणीही घाबरून धावलं असतं. तो दिसतच नाही, ही तर गोम. तसं भोक सगळ्यांच्याच डोळ्यात असतं. कागदावर एक फुली काढायची, तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठिपका. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आणायचा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका जातो. (जात नसेल तर नजर ठिपक्याकडे सरकलीय, नाहीतर चुकीचा डोळा झाकलाय.) दृष्टिपटलावरचे सगळे तंतू जिथून मेंदूकडे निघतात, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. मारिऑट नावाच्या फ्रेंच माणसाने १६६०च्या दशकात हे दाखवून दिलं. पण मला टोचतं ते वेगळंच : ठिपका गेल्यावर तिथे भोक दिसत नाही, कागद दिसतो. ठिपक्यातून रेघ ओढली असेल तर रेघसुद्धा अखंड दिसते!

मोतीबिंदू धूसर करतो, म्हणून माणूस कुरकुरतो. काचबिंदू कडेकडेने चोरतो, मेंदू ठिगळ लावतो, एका डोळ्याचं दुसरा सांभाळून घेतो. गेलेलं परत येत नाही.

म्हणून चाचणीचं यंत्र एकेका डोळ्याला एकटं गाठतं. हनुवटी टेकवून समोरच्या दिव्याकडे बघायचं आणि आजूबाजूला ठिणगी दिसली की बटण दाबायचं. नेहमीच्या चाचणीत ५४ जागा. पापणी लोंबली तर वरचा भाग उगाच काळा येतो, भिंगाची कड आड आली तर कडेला काळं येतं. पहिल्या वेळी बहुतेकांचं बिघडतं, म्हणून परत करायला सांगतात. आणि यंत्र लबाड : मधूनच ठिपका गिळणाऱ्या त्या आंधळ्या जागेवरच दिवा लावतं. तिथे बटण दाबलं की समजतं, बाईची नजर भटकलीय.

खरं तर हे सगळं मी आक्कांच्या चाचणीसाठी भरलेल्या त्या फॉर्मला बगल द्यायला लिहितेय. 'व्यवसाय'पुढे 'काही नाही' मीच लिहिलं. पेन अडखळलंसुद्धा नाही.

२०११च्या जनगणनेत घरापुरतं दूध काढणं हेही काम धरलं होतं. तेच दूध तापवून, विरजून पानात वाढलं की घरकाम, आणि नुसतं घरकाम करणारी ती बिगर-कामगार. म्हणजे म्हैस असती तर आक्का कामगार झाल्या असत्या.

सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली तेव्हा मात्र पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं, असं विचारलं. मग निघालं : २०१९मध्ये बिनपगारी घरकामात, ते करणाऱ्यांची रोजची सरासरी, बायकांची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. २०२४मध्ये २८९ आणि ८८. बायकांची दहा मिनिटं वाचली, पुरुषांचीही नऊ. मग भांडी घासली कुणी?

'दिवसभर काय केलंत' असं विचारलं असतं तर त्यातल्या कितीतरी जणींनी काय सांगितलं असतं, ते मला ठाऊक आहे. माझ्याच अक्षरात आहे ते.

आता हसूही येतंय थोडं. चाचणीची फाईल मी जपून ठेवली, आणि ५५वी जागा त्याच फायलीच्या पहिल्या पानावर.

फॉर्म आक्कांना दाखवला. चष्मा लावून नीट वाचला. "बरोबरच लिहिलंयस की," म्हणाल्या, आणि थेंब घालायच्या आधी दूध विरजायला उठल्या.