सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे?

भाचा बर्लिनला शिकायला आहे आणि सुट्टीत फिरायला कुठं गेला, तर जवळच्या बीलिट्झला, बंद पडलेला दवाखाना बघायला!! आमच्याकडं चालू दवाखान्यात कुणी हौसेनं पाय ठेवत नाही. तर तिथून त्यानं फॅमिली ग्रुपवर ढीगभर फोटो टाकले, लांबच लांब रिकामे कॉरिडॉर, भिंतींचे पोपडे, तडकलेल्या फरश्या, आणि खाली 'रात्री बघू नका' म्हणून भुताचा इमोजी.

घाबरलं कुणीच नाही. काका बांधकाम खात्यातून रिटायर, त्यांनी फोटो झूम करून पहिला रिप्लाय दिला, "वरून पाणी मुरायलंय, गच्चीला कोबा केला नव्हता का?" मावशी म्हणली या कॉरिडॉरला एका पंगतीत शंभर पान सहज उठंल, मंगल कार्यालय काढा, वऱ्हाडाला वर खोल्या आहेतच. वहिनीला खिडक्यांचं टेन्शन, एवढ्या उंच खिडक्यांना पडदे शिवायचे कुणी?

मग भाच्यानं समजावलं की बाबांनो, हा टीबीचा दवाखाना, १८९८ला बांधायला घेतलेला, बर्लिनच्या कामगारांसाठी, त्यांच्या विम्याच्या पैशातून. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते १९४३ला, तोवर ट्रीटमेंट म्हणजे मोकळी हवा, ऊन, पोटभर खाणं आणि व्हरांड्यात तासन्‌तास पडून राहणं. काका म्हणले, "मग मी रिटायर झाल्यापासून ट्रीटमेंटच घ्यायलोय की."

पहिल्या महायुद्धात जखमी झालेला हिटलर १९१६ला इथंच ॲडमिट होता हे कळल्यावर मावशीनं टाकलं, "बरं करून सोडलं ना त्याला? त्या डॉक्टरचा फोटो टाक आधी." पुढं १९४५ ते १९९४ रशियन सैन्याचा दवाखाना, ते गेले आणि बरंचसं ओस पडलं. साठेक इमारती! एवढी प्रॉपर्टी रिकामी आणि भावकीत भांडण नाही हे काही दादाला पटेना, सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे तेवढं विचार म्हणला.

पण ग्रुप खरा पेटला तो गच्चीवरच्या झाडांवरनं. दुसऱ्या महायुद्धात जळालेली एक इमारत आहे, तिच्या डोक्यावर अख्खं जंगल उगवलंय, पाइनची झाडं चांगली उंचच्या उंच. आता आम्ही लातूरची माणसं, २०१६ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली. आमच्या इथं दर पावसाळ्यात झाडं लावायची, आळं करायचं, ट्री गार्ड बसवायचं, साहेबांच्या हस्ते फोटो काढायचा, आणि दिवाळीपर्यंत नुसतं ट्री गार्ड उरतं (तेबी उरलं तर). अन तिकडं ना खड्डा ना टँकर ना साहेब, जळक्या स्लॅबवर जंगल! मला तर त्या फोटोचा भुतापेक्षा जास्त राग आला, खरं सांगतो. काकांनी तेवढ्यातबी "मुळ्या स्लॅब फोडतेत, वेळेत काढायला पाहिजे होतं" म्हणून शेरा मारलाच.

त्या झाडांच्या वरून २०१५ला ३२० मीटर लांबीचा उंच पूल बांधलाय, लोक त्यावर चालत चालत हा पडका दवाखाना बघतेत, आणि त्याला तिकीट आहे. तिकीट म्हणल्याबरोबर इतका वेळ गप्प असलेली आत्या जागी झाली, "म्हंजे दवाखाना बंद पडला तरी पैसे घेणं चालूच का?"

आणि लगेच दुसरा मेसेज, "आपल्या यष्टीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तिथं हाय का बघ रे."